मुखशुद्धी



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला दूरध्वनीवरून विषय विचारला, तेव्हा मी ‘दात’ असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग अत्यंत आदराने विचारणा झाली, ‘संत म्हणालात ना सर?’ दोष त्यांचा नव्हता. त्या वेळी माझी कवळी पाण्याच्या वाटीत होती. मराठीच्या प्राध्यापकाने संतांवर बोलावे ही अपेक्षा रास्तच आहे, आणि आजवर मी ती अनेकदा पुरी केलेली आहे. आज मात्र दातांवरच बोलणार आहे. कारण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींचे आणि माझे नाते दातांवाचून सांगता येणार नाही.

आपल्यातील जी मंडळी १९६० च्या दशकात येथे होती, त्यांना गुरुजींचा पहिला तास आठवत असेल. इंदूरची आपली मराठी ही होळकरांच्या काळापासून येथे रुजलेली; पण चारी बाजूंना हिंदी. घरात मराठी, अंगणात हिंदी. त्यामुळे आपल्या मुलांच्या तोंडून एक ध्वनी निसटून जातो, तो म्हणजे दंततालव्य ‘च’ आणि त्याचा सोबती ‘ज’. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते, ‘चारा’ म्हणताना ती पुढे सरकून दातांच्या मुळाशी येते. ‘जग’ म्हणजे विश्व, आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. लिपी एकच, पण जिभेची जागा निराळी. आम्ही मुले सगळेच टाळूवरून म्हणत असू. गुरुजी ते चालू देत नसत. ते बाकाजवळ येत, खाली वाकत, आपले तोंड उघडून म्हणत, ‘बघ, जीभ कुठे आहे ती बघ.’ आम्ही बघत असू. जीभ दिसे, आणि तिच्याबरोबर कात-सुपारीने विटकरी झालेले दातही दिसत. श्वासाला सुपारीचा आणि चुन्याचा वास असे. गुरुजी पुढच्या बाकाकडे वळले की आम्ही नाके दाबून हसत असू. हे आज त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून सांगताना मला संकोच वाटतो; परंतु त्यांच्या कन्येला मी हे भाषण आधी वाचून दाखविले आहे आणि पुढे जे सांगणार आहे त्यालाही तिची अनुमती घेतली आहे.

गुरुजींचा दुसरा नेम चुळीचा. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मागच्या नळावर रांग लागे आणि प्रत्येकाला तीन चुळा भराव्या लागत. न भरता वर्गात येणाऱ्याला ते ‘खरकट्या’ अशी हाक मारीत. खरकटे हा शब्द आपण भांड्यांना लावतो, पाटाला लावतो, हाताला लावतो. तोंडालाही तो लागतो हे मला त्यांनी शिकविले. शुचितेची ही जुनी कल्पना रसायनशास्त्राच्या किती जवळ जाते, हे कळायला मला सहासष्ट वर्षांचे व्हावे लागले.

२०१७ साली मला नागीण झाली. पुरळ गेले, पण नसांचे दुखणे राहिले. त्यासाठी रात्री घ्यायची एक गोळी सुरू झाली. गोळी गुणकारी होती. झोप लागू लागली. पण तोंड कोरडे पडू लागले. अशा कित्येक औषधांनी लाळ कमी होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि कोणी सांगितलेही नाही. घसा सुकतो म्हणून मी खिशात खडीसाखर बाळगू लागलो. कार्यक्रमाला जाताना लिमलेटच्या गोळ्या. शिवाय चहा, तोही एका बैठकीत न पिता, वाचता वाचता तासभर घोट घोट. दोन वर्षांत हिरड्यांच्या कडेने दातांची मुळे तपकिरी झाली, मऊ पडली, आणि २०१९ साली वरचे पुढचे चार दात काढावे लागले. चाळीस वर्षे ध्वनिविचार शिकविणाऱ्या माणसाचा तवर्गच गेला! ‘दंत्य’ या संज्ञेत ‘दंत’ आहे हे मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल; आता ते तोंडात कळले. ‘त’ आणि ‘द’ ओले, पसरट येऊ लागले, ‘स’ शिट्टी घालू लागला, आणि ‘व’ला ओठ टेकायला जागाच उरली नाही. चारा आणि चार पुन्हा एक झाले, जसे इयत्ता पाचवीत होते तसे.

ज्या दंतवैद्य बाईंनी माझे उरलेले दात वाचविले, त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी. नाव घेऊ नका असे त्यांनी बजावले आहे. त्यांनी मला पहिल्या दिवशी औषध दिले नाही, एक वही करायला सांगितली. ‘सर, काय खाता ते नंतर बघू. तोंडात काहीतरी जाते ते दिवसातून किती वेळा, तेवढे लिहा.’ मी प्रामाणिकपणे लिहिले. पहिल्या दिवशी एकवीस वेळा. माझे जेवण साधे, मिठाई जवळजवळ नाही, आणि तरी एकवीस. त्या आकड्याचा अर्थ त्यांनी मला ज्या रीतीने समजावला, तो मी आपल्यापुढे ठेवतो.

दातावरचे पांढरे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे. पण त्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडले तर सांधते. हे कवच एकदा खड्डा पडण्याइतके गेले की परत येत नाही. त्यावर जंतूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. हे जंतू प्रथम पाहिले ते हॉलंडच्या लेव्हेनहुकने. स्वतःच्या दातांवरचा मळ खरवडून त्याने तो आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात हालचाल करणारे जीव दिसल्याचे १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. ज्याने जन्मात तोंड धुतले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या दातांवरचा मळही त्याने पाहिला होता. पुढे बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैद्य मिलर याने १८९० च्या आपल्या ग्रंथात दाखविले की हे जंतू पिष्ट आणि साखर यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळविते. आपण मराठीत ‘दाताला कीड लागली’ म्हणतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातांतले किडे काढून दाखविणारे लोक आठवडी बाजारात बसत. ते ‘किडे’ म्हणजे बियांमधलेच काहीतरी असे. तशी कीड दातात नसते. पण डोळ्यांना न दिसणारी सजीव वस्ती असते, ही गोष्ट शब्दाने जणू आधीच हेरून ठेवली होती. भाषेच्या अशा अर्ध्या सत्यांचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

आता आकडा. आम्लता मोजण्याची जी पट्टी आहे तिच्यावर ७ म्हणजे पाण्यासारखे तटस्थ. आकडा खाली गेला की आम्लता वाढते, आणि एकेका अंकाला दहापट वाढते. तोंडातील आम्लता साधारण ५.५ च्या खाली उतरली की दाताचे कवच विरघळू लागते. हिरडी मागे सरून उघडे पडलेले मूळ त्याहून नाजूक. ते ६ च्या वरच विरघळू लागते. म्हणून म्हातारपणी मुळेच आधी जातात. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच हा आकडा घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास ते तासभर लागतो. १९४० च्या दशकात स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकाने याचा आलेख काढला. दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही तो त्याच्याच नावाने शिकतात. त्या दरीतून दाताला वर काढते ती लाळ. ती आम्ल निववते, आणि विरघळलेल्या खनिजाच्या जागी कॅल्शियम व फॉस्फेट परत आणून बसविते. निरोगी माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. झोपेत ती जवळजवळ थांबते. म्हणजे दात झिजणे आणि भरून येणे हा दिवसभर चाललेला व्यवहार आहे. माझ्या वहीतील एकवीस नोंदी या व्यवहारात मांडल्या तर माझा दात दिवसा दरीबाहेर निघतच नव्हता, आणि भरपाई करणारी लाळ गोळीने आटवून टाकली होती.

खरी चमत्कारिक गोष्ट अशी की किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती काळ तोंडात राहिली, याला जास्त महत्त्व आहे. हे सिद्ध झाले त्याची कथा सुखद नाही. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाचे मतिमंदांचे रुग्णालय होते. तेथील रुग्णांवर १९४५ नंतर काही वर्षे आहाराचे प्रयोग झाले. काहींना जेवणाबरोबर साखर दिली, काहींना गोड पाव, आणि काहींना दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या. एका गटाला दिवसाला चोवीसपर्यंत. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. टॉफीवाल्यांचे किडून गेले. ज्यांना संमती म्हणजे काय हेच समजत नव्हते, त्यांच्या दातांवर हे ज्ञान उभे आहे. १९५४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि स्वीडनमध्ये मुलांनी गोळ्या-चॉकलेटे फक्त शनिवारी खावीत हा रिवाज पडला. आजही तिकडे ‘शनिवारचा खाऊ’ हा शब्द आहे. आपल्याकडे ‘सणावाराचे गोडधोड’ हा शब्द होता. वार होता, सण होता, पंक्ती होती. गोड हे पानात वाढलेले असे, आणि पान संपले की आंचवायला उठावे लागे. आता गोड खिशात आले, दप्तरात आले, मेजाच्या खणात आले.

यावर माझे एक मित्र म्हणाले, ‘मी साखर सोडली, गूळ खातो.’ गुळातही बहुतांश साखरच, आणि वर चिकटपणा. मधाचेही तेच. पिठाच्या पदार्थांनाही लोक निर्दोष समजतात. वास्तविक शिजलेले पिष्ट लाळेनेच साखरेत उतरू लागते. बिस्किट, साबुदाणा, बारीक शेव ही दाढांच्या खाचांत जाऊन बसतात आणि तेथे बराच वेळ राहतात. उपवासाच्या दिवशी दर दोन तासांनी साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्याच्या दातांना एकादशीचे पुण्य काही लागत नाही. आणि इंदूरकरांना विचारायचे असते ते पोहे-जिलबीचे! त्यांना दिलासा देतो. सकाळी एका बैठकीत पोहे आणि जिलबी खाऊन उठावे, चुळा भराव्यात, आणि मग जेवणापर्यंत तोंड बंद ठेवावे. दाताला ते मानवते. दाताला न मानवणारी गोष्ट म्हणजे त्यानंतर दुकानात बसून दर अर्ध्या तासाने येणारा तो ‘कट’ चहा आणि समोरच्या बरणीतली शेव. भाजलेले शेंगदाणे किंवा पनीरचा तुकडा मात्र खुशाल तोंडात टाकावा. चावल्याने लाळ सुटते आणि आम्ल होत नाही.

आंबटाचा प्रकार निराळा. तेथे जंतूंची मध्यस्थी लागतच नाही. आम्ल तयारच येते. लिंबाच्या रसाचा आकडा २ ते २.५ च्या आसपास, कोला पेयांचाही साधारण तितकाच. पोह्यांवर पिळलेल्या फोडीने काही बिघडत नाही. पण अलीकडे माझ्या वयाच्या मंडळींत पहाटे उठून कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेण्याची टूम आहे. ते सावकाश, घोट घोट, वर्तमानपत्र वाचत घ्यायचे, आणि लगेच ब्रशने दात खसाखसा घासायचे. आम्लाने मऊ पडलेले कवच त्या घासण्याने झिजते. आंबट प्यायल्यावर साधे पाणी खळखळवावे आणि घासणे निदान अर्धा तास पुढे ढकलावे, किंवा आधीच उरकून घ्यावे. आमच्या लहानपणी राखुंडीने, कोळशाच्या भुकटीने, क्वचित विटेच्या पुडीने दात घासत. ते दात पांढरे शुभ्र दिसत खरे. कशाने शुभ्र, तर झिजून.

पांढऱ्या दातांचा विषय निघाला म्हणून एक वेगळी आठवण सांगतो. १९९८ साली माझ्या वर्गात झाबुआकडून आलेली एक विद्यार्थिनी होती. कविता वाचायला उभी केली की तोंडावर हात धरून वाचायची. मी एकदा सर्वांसमोर म्हणालो, ‘हात काढून वाच, शब्द कळत नाहीत.’ तिने हात काढला. दातांवर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी पट्टे होते. मागून कोणीतरी हसले. मला वाटले, मुलगी दात घासत नाही. वर्गानंतर मी तिला बोलावून स्वच्छतेवर चार शब्द ऐकविले. ती काही बोलली नाही, आणि पुन्हा माझ्या तासाला कविता वाचायला उभी राहिली नाही. पुष्कळ वर्षांनी मला समजले की झाबुआ, धार या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत अनेक गावांच्या हातपंपांच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत आपली मानके ते ग्राह्य धरतात, दुसरा उपाय नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त पाणी पहिल्या आठ वर्षांत पोटात गेले, तर हिरडीखाली घडत असलेला दातच डागाळलेला घडतो. तो डाग घासून जाणारा नसतो, कारण तो वरून लागलेला नसतो. पुढे हाडेही धरतात. भारतात हा विकार १९३७ सालीच नेल्लोरकडे ओळखला गेला होता. म्हणजे मी तिला स्वच्छतेचे धडे दिले तेव्हा ती माहिती एकसष्ट वर्षांची होती. थोडे फ्लोराइड दाताला बळ देते, म्हणून ते दंतमंजनात घालतात; आणि तेच पाण्यातून जास्त गेले की दात बिघडविते. त्या मुलीचा पत्ता माझ्यापाशी नाही.

आता श्वासाकडे येतो. श्वासाच्या दुर्गंधीचा उगम बहुतेक वेळा तोंडातच असतो, पोटात नव्हे. जिभेच्या मागच्या भागावर, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे राहणारे जंतू अन्नातील आणि लाळेतील प्रथिने कुजवितात, आणि त्यातून गंधकयुक्त वायू सुटतात. त्यांतला एक म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा. रात्री लाळ थांबते म्हणून सकाळी वास; फार वेळ बोलल्याने तोंड सुकते म्हणून वक्त्याला आणि शिक्षकाला वास. चरकसंहितेत दातवणाबरोबर जीभ खरवडण्याचे सांगितले आहे आणि जीभखरवडणी कोणत्या धातूंची असावी तेही दिले आहे. या एका बाबतीत प्राचीन दिनचर्या आणि आजचा दंतवैद्य यांच्यात तिळमात्र मतभेद नाही. आपण दातवण सोडून ब्रश घेतला ते ठीक. जीभ मात्र विसरलो.

लसणीचे तसे नाही. मंदसौर-नीमचची लसूण देशभर जाते, आणि लसणीची शेव आपल्या घराघरांत येते. लसूण खाऊन तुम्ही शंभर चुळा भरल्यात तरी काही तासांनी वास परत येतो. कारण लसणीतील एक गंधकद्रव्य आतड्यातून रक्तात उतरते आणि रक्तातून फुप्फुसांत येऊन श्वासाबरोबर बाहेर पडते. तेथे ब्रश पोहोचत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात याचा अभ्यास झाला. २०१० साली त्यांना असे आढळले की लसणीबरोबर दूध घेतल्यास तो वास कमी होतो, बिनसायीच्या दुधापेक्षा सायीच्या दुधाने अधिक. नंतर कच्चे सफरचंद आणि पुदिना यांचा, आणि २०२३ साली दह्याचा गुण त्यांनी प्रयोगशाळेत तपासला. मुद्दा इतकाच की हे लसणीबरोबर किंवा लगेच खावे. लसणीच्या चटणीच्या भाकरीबरोबर दही वाढणाऱ्या आपल्या आज्यांना त्या विद्यापीठाने पदवी द्यायला हरकत नाही. उपवासाचा वासही दुहेरी असतो. न चावल्यामुळे लाळ कमी. आणि पोट फार वेळ रिकामे राहिले की शरीर चरबी जाळते, तिच्यातून ॲसिटोन निर्माण होते आणि ते श्वासात येते. कडक उपवास करणाऱ्याच्या तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा जो वास येतो, तो हा.

आणि या सर्वांवर आपल्या संस्कृतीचा उतारा म्हणजे मुखशुद्धी. किती गोड शब्द आहे! जेवण झाले की यजमान तबक पुढे करतो. त्यात बडीशेप असते, लवंग, वेलची असते. या गोष्टी चघळल्याने लाळ सुटते, गंध झाकला जातो, कोणाचे काही बिघडत नाही. फक्त ती रंगीबेरंगी साखरेत घोळलेली बडीशेप टाळावी. पण त्याच तबकात सुपारी असते. चरकसंहितेतही मुखाला सुगंध देणाऱ्या द्रव्यांच्या यादीत लवंग, वेलची, कापूर यांच्याबरोबर सुपारी आणि नागवेलीचे पान आहे. तंबाखू अर्थातच नाही. तो फार पुढे, युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आला. म्हणून आपल्याकडे एक समजूत पक्की झाली की दोष तंबाखूचा, सुपारी निष्पाप. लग्नाची तिथी सुपारी फोडून ठरवावी आणि गणपती म्हणून सुपारी मांडावी असा जिचा मान, तिच्याविषयी संशय कोण घेणार?

गुरुजींनी जन्मात तंबाखूला स्पर्श केला नाही. ते अभिमानाने सांगत, ‘मी फक्त सुपारी, कात आणि चुना.’ १९७० च्या दशकात कधीतरी त्यांना तिखट लागेनासे झाले. तोंडाची आग होई. त्यांनी मिरची सोडली. मग गालांच्या आत दोऱ्या ताणल्यासारखे वाटू लागले. मग जांभई पुरती येईना. निवृत्तीच्या वर्षी, १९७६ साली, भाकरीचा तुकडा लहान करून आत ढकलावा लागे. कुठल्याशा दवाखान्यात त्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि ‘दाढेचे असेल’ म्हणून परत पाठविले. सुपारी सोडा असे कोणी म्हणाले नाही. या विकाराचे वर्णन १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांवरून आणि १९५३ साली डॉ. जोशी यांनी मुंबईतून प्रसिद्ध केलेले होते. गालाच्या आतले अस्तर तंतुमय, ताठ होत जाते. एकदा ताठ झालेले अस्तर पुरते मागे फिरत नाही, पण सुपारी थांबविली तर निदान पुढची वाट अडते, कारण त्यातूनच काही जणांना कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी ही तंबाखूवाचूनही कर्करोगकारक असल्याचे २००४ च्या ग्रंथात निःसंदिग्धपणे म्हटले. आपल्या मध्य प्रदेशाने २०१२ साली, देशात सर्वांआधी, गुटख्यावर बंदी घातली. साधी सुपारी अर्थातच तबकात राहिली.

मी १९८० साली, नुकताच महाविद्यालयात लागलो होतो तेव्हा, गुरुजींना भेटायला त्यांच्या घरी गेलो. त्यांचे तोंड एक बोट जाईल इतकेच उघडत होते. एका गालाला सूज होती. बोलणे समजत नव्हते. मी काय शिकवतो असे त्यांनी पाटीवर लिहून विचारले. मी म्हणालो, ‘ध्वनिविचार.’ त्यांचे डोळे हसले. मग मी उत्साहाच्या भरात काहीतरी सांगत होतो, त्यात ‘जगायचे’ हा शब्द आला, आणि इंदुरी सवयीने मी तो टाळूवरून उच्चारला. गुरुजींनी हात वर करून मला थांबविले आणि आपल्या पुढच्या दातांवर नखाने टकटक केले. मी शब्द पुन्हा म्हटला. त्यांनी मान हलविली. पुढच्या वर्षी ते गेले.

आपण घरी गेल्यावर एक करून पाहा. स्वतःची तीन बोटे उभी एकत्र धरून पुढच्या दातांमध्ये घाला. जात असतील तर उत्तम. जात नसतील आणि सुपारीची सवय असेल, तर उद्याच दंतवैद्याकडे जा. आणि ‘मी तंबाखू खात नाही’ एवढेच न सांगता सुपारीचेही सांगा.

माझ्या वहीतला आकडा आता सातवर आला आहे. रात्रीची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, खडीसाखर गेली, आणि चहा मी एका बैठकीत संपवितो. कवळीने तवर्ग परत दिला आहे. ‘चारा’ अजून पूर्वीसारखा येत नाही, आणि आज तो चुकीचा ऐकू आला असेल तर क्षमा करावी. कार्यवाह मघापासून दाराकडे खूण करीत आहेत. बाहेर पोहे आणि जिलबी तयार आहे असे कळते. मागचा नळ मी येताना पाहून आलो. जागा तीच आहे, तोटी नवी आहे, पाणी येते.